वाटीने धरलेली जागा

पळीकाकूंचं खरं नाव शाळेच्या हजेरीपटावर आहे, पण ते कारकुनालाही पटकन आठवत नाही. तेवीस वर्षं त्या शाळेच्या जेवणाच्या हॉलमध्ये काउंटरच्या मागे उभ्या आहेत, उजव्या हातात पळी, डाव्या हातात ओलं फडकं. हे नाव ज्या मुलांनी ठेवलं त्यांची मुलं आता त्याच हॉलमध्ये जेवतात, आणि नाव आपणच शोधून काढलं अशा थाटात एकमेकांना सांगतात. काकूंची उंची बेताची, आवाज मात्र हॉलच्या लांबीला बेतलेला. त्यांच्या एका पळीत दीडशे ग्रॅम सूप येतं. स्वयंपाकघर तपासायला आलेल्या माणसाने एकदा सलग दहा पळ्या काट्यावर ठेवून पाहिल्या. फरक चार ग्रॅमचा निघाला. त्या चार ग्रॅमची चुटपुट काकूंना अजून आहे.

दोनशे साठ मुलं, पन्नास मिनिटं आणि एक काउंटर, असं हे काम. एवढ्या वेळात कुणाशी बोलणं होत नाही, पण बघणं होतं. ट्रे छातीशी घट्ट धरून येणारं मूल नुकतंच भांडून आलेलं असतं. सूप लांबूनच वाकून बघणाऱ्याने सकाळी काही खाल्लेलं नसतं. एकाच मैत्रिणीच्या मागे रोज उभी राहणारी मुलगी एके दिवशी सात जणांनंतर उभी दिसली, की काकू तिला बटाटा जरा मोठा वाढतात. शिक्षकांच्या खोलीत मुलांविषयी चर्चा चालते तेव्हा काकूंना कुणी विचारत नाही. त्याचं त्यांना फारसं काही वाटत नाही. “त्यांना मुलं बसलेली दिसतात,” त्या म्हणतात, “मला उभी दिसतात. उभं माणूस जास्त खरं असतं.”

तर त्या वर्षी शाळेत चौदा नवी मुलं आली. सीमेपलीकडे लढाई सुरू होती, मग तीन वर्षं तंबूंच्या छावणीत काढून ही कुटुंबं इथे पोचली होती. स्टेशनजवळच्या जुन्या वसतिगृहात त्यांना खोल्या मिळाल्या. मुलं वयाप्रमाणे वर्गांत वाटली गेली. त्यांतली एक नऊ वर्षांची मुलगी, तिचा सहा वर्षांचा भाऊ पहिलीत. मुलगी वर्गात अक्षर बोलत नसे. हॉलमध्ये मात्र ती रोज सगळ्यांच्या आधी, काउंटरची जाळी वर जायच्या सात मिनिटं आधी, हजर. काकूंनी तिला ‘नंबर एक’ म्हणायला सुरुवात केली आणि ते किचनभर झालं.

नंबर एकला रांगेचं वेड होतं असं सुरुवातीला सगळ्यांना वाटलं. वेड नव्हतं, हिशेबी शहाणपण होतं. छावणीत रांग दिसली की आधी उभं राहायचं, कसली आहे ते नंतर विचारायचं, हा नियम. रांगेच्या टोकाला काहीतरी मिळतंच. पीठ, साबण, पाणी, घोंगडी, नाहीतर निदान बातमी. रांग सोडून जाणारा माणूस तिथे वेडा ठरे.

त्यामुळे पहिल्या तीन आठवड्यांत तिने शाळेतल्या झाडून सगळ्या रांगा करून पाहिल्या. डोळे तपासायच्या रांगेत ती दोनदा उभी राहिली. तक्त्यावरची अक्षरं तिला वाचता आली नाहीत, कारण ती अक्षरं तिला येतच नव्हती. तपासनिसाने दोन्ही वेळा ‘दृष्टी अधू’ असं लिहिलं. दोनदा तपासल्यामुळे निष्कर्ष पक्का झाला आणि तिला चष्मा मिळाला. कान तपासताना, आवाज आला की हात वर करायचा, अशी सूचना हेडफोनमधूनच दिली जात होती. ती तिला छान ऐकू आली. समजली नाही. तोही कागद झाला. फुटबॉलच्या संघनिवडीच्या रांगेतून ती राखीव गोलकीपर होऊन बाहेर पडली, हे तिला स्वतःला महिन्याभराने कळलं.

सगळ्यात कमाल मोठ्या बाईंच्या दारापुढच्या रांगेची. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. मधल्या सुट्टीत तिथे मारामारी करणारे, उशिरा येणारे आणि फळ्यावर नको ते लिहिणारे बोलणी खायला उभे असतात. नंबर एक त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. नंबर लागल्यावर मोठ्या बाईंनी विचारलं, काय केलंस? उत्तर नाही. यादी पाहिली, नाव नाही. बाईंनी तिला जायला सांगितलं. ती हललीच नाही. तिच्या मते अजून काही मिळालं नव्हतं. शेवटी बाईंनी टेबलावरची एक नवी पेन्सिल तिच्या हातात ठेवली. दुसऱ्या दिवशी त्या रांगेत नंबर एक होती, शिवाय वसतिगृहातली आणखी पाच मुलं. मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला. शाळेच्या इतिहासात बोलणी खायला एवढ्या हौसेने कुणी आलं नव्हतं.

ही सगळी गंमत चालू असताना एक गोष्ट गमतीची नव्हती. नंबर एक जिथे जिथे उभी राहिली तिथून तिच्या फाइलमध्ये एकेक कागद जात होता. कमी दिसतं. बहुधा कमी ऐकू येतं. बोलत नाही. सूचना कळत नाहीत. कारण नसताना मुख्याध्यापिकांच्या दाराशी उभी असते. असे सात कागद झाल्यावर फाइल आपोआप जिल्ह्याच्या कचेरीत गेली, आणि तिथून उत्तर आलं की तपासणीसाठी अधिकारी येतील. मुलीला नदीपलीकडच्या विशेष शाळेत हलवायचं की नाही हे सत्र संपायच्या आत ठरेल. ती शाळा चांगली होती. पण ती ज्या मुलांना ऐकू येत नाही, बोलता येत नाही अशांसाठी होती, बसने पाऊण तासावर. आणि तिथे धाकटा नसणार होता. तीन वर्षं या दोघांनी एकमेकांना नजरेआड होऊ दिलं नव्हतं. छावणीत नजरेआड झालेलं मूल सापडायला कधी दोन दिवस लागत, कधी ते सापडतच नसे, कारण शोधणारे शोधायचं थांबवत.

काकूंना फाइलचं तेव्हा काही ठाऊक नव्हतं. त्यांच्या डोक्याला वेगळाच ताप होता. बूट.

हॉलमध्ये रांग लागली की काउंटरपासून दुसऱ्या जागी, नंबर एकच्या बरोबर मागे, जमिनीवर एक छोटा बूट ठेवलेला असे. एकच. काकूंनी पहिल्या दिवशी तो उचलून हरवलेल्या वस्तूंच्या खोक्यात टाकला. दुसऱ्या दिवशी तिथे दुसरा बूट, त्याच जोडीतला. तोही खोक्यात. तिसऱ्या दिवशी मुलगी मोज्यांवर शाळेत आली आणि तिच्यामागे तिची आई आली. आई एका लाँड्रीत चादरींच्या घड्या करण्याचं काम करते; तिने कामावरून एक तास मागून घेतला होता. भाषा येत नव्हती, पण तिच्या चेहऱ्याला दुभाष्याची गरज नव्हती. काकूंना किचनमधून मोठ्या बाईंच्या खोलीत बोलावलं गेलं, आणि फोनवर एक दुभाषी जोडला गेला.

हा दुभाषी भलताच प्रामाणिक होता. आई जे बोलेल ते तो कापत नसे की मवाळ करत नसे. फोन टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला होता.

“त्या म्हणतात,” फोन म्हणाला, “की इथले लोक सभ्य आहेत असं त्यांना सांगितलं होतं.”

मोठ्या बाईंनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी फडक्याकडे.

मग हळूहळू उलगडत गेलं. छावणीत रांगेतली जागा माणसाची नसते, घराची असते. घरातलं कुणी पाण्याला गेलं, कुणी आजारी पडलं, तर त्याची वस्तू जागेवर ठेवायची. डबा, दगड, बूट. रांग सरकली की मागचा माणूस ती वस्तूही पुढे सरकवतो. तंबूतले लोक एकमेकांचं पीठ चोरतील, पण रांगेतला दगड कुणी हलवणार नाही. पहिलीचा वर्ग दहा मिनिटं उशिरा सुटतो, म्हणून ताई धाकट्याची जागा धरत होती, आणि स्वतःचा बूट काढून ठेवत होती, कारण दुसरं काही जवळ नव्हतं.

“त्या विचारतात,” फोन म्हणाला, “त्यांच्या मुलाला रांगेतून उचलून खोक्यात टाकणारी बाई कोण?”

“मी,” काकू म्हणाल्या. “चूक झाली, ताई. मला वाटलं तो बूट आहे.”

दुभाष्याने तेही जसंच्या तसं सांगितलं. मग आई हसली, आणि ते भाषांतर करायची गरज पडली नाही.

बूट परत गेले. पण जेवणाच्या हॉलमध्ये बूट काढायचे नाहीत हा स्वच्छतेचा नियम, आणि नियमांच्या बाबतीत काकू स्वतःच्या नवऱ्यालाही सोडत नाहीत. त्यांनी कपाटाच्या तळातून एक वाटी काढली. पोचे पडलेली, वाढायला बाद झालेली. ती नंबर एकच्या हातात देऊन त्यांनी जमिनीकडे बोट केलं. मुलीने वाटी उलटी ठेवली, जरा मागे सरून पाहिली, आणि मान डोलावली.

आठवडाभरात शाळेतली जुनी मुलंही जागा धरायला लागली. टोप्या, कंपास, एकाने अर्धं सफरचंद. एका बुधवारी रांगेत बावीस मुलं आणि एकतीस वस्तू होत्या. काकूंनी काउंटरवर पळी आपटली आणि फर्मान काढलं: वाटी एकच, आणि ती फक्त पहिलीतल्या भावंडासाठी. कुरकुर झाली. पण वाटीला कुणी हात लावला नाही. रांग सरकली की मागचा मुलगा पायाने हलकेच वाटी पुढे ढकलायचा, न सांगता.

जाळी वर जायच्या आधीची ती सात मिनिटं मग काकूंची आणि नंबर एकची झाली. काकूंना काम करताना बोलायची सवय आहे. ऐकायला कुणी असलंच पाहिजे असं नाही. भांडी लावत त्या पुटपुटत असत. हे गरम आहे, हात लांब. मटार आज कमी आलेत. झाकण कुठे गेलं, मघाशी तर इथे होतं. पलीकडून मुलगी ऐकत असे. दुसऱ्या आठवड्यात तिने झाकणाकडे बोट दाखवून ते कुठे आहे हे सांगितलं. तिसऱ्या आठवड्यात मटार मोजके आहेत हे तिने मागच्या मुलाला कळवलं. पाचव्यात ती काकूंना सांगत होती की काल सूप पातळ होतं.

“पातळ कुठे होतं?” काकू म्हणाल्या.

“खाली ताट दिसत होतं,” नंबर एक म्हणाली.

तिची भाषा म्हणजे काकूंची भाषा होती, तोच ठसका, तोच कमरेवर हात. काकूंचे यजमान बस चालवून निवृत्त झालेत. त्यांनी हे ऐकलं तेव्हा ते म्हणाले, एक तू होतीस तोवर गावाने सांभाळून घेतलं, आता दोन झाल्या.

याच सात मिनिटांत काकूंना छावणीतल्या रांगांची माहिती मिळाली. पिठाची रांग हळू चालते. पाण्याची रांग भांडते. आणि शिक्क्याची रांग गप्प असते. ती कसली, काकूंनी विचारलं. कागदावर शिक्का मारायची. त्या रांगेच्या शेवटी टेबल असतं, टेबलामागे माणूस, माणसापुढे फाइल.

“तिथे आई बोलते,” मुलगी म्हणाली. “आपण नाही. आपण एक शब्द चुकलो तर सगळे परत मागे.”

काकू मटार ढवळायच्या थांबल्या. वर्गात बाई टेबलामागे बसतात. बाईंसमोर वही असते. तपासायला आलेला प्रत्येक माणूस टेबल मांडतो आणि फाइल उघडतो.

त्याच दुपारी काकूंनी वर्गाच्या बाईंना गाठलं. बाई तरुण, कष्टाळू, वर्गात एकोणतीस मुलं. मुलगी बोलते यावर त्यांचा विश्वास बसेना. “माझ्यापाशी तर तोंडाला कुलूप असतं, काकू,” त्या म्हणाल्या, आणि तेव्हाच फाइलचं, नदीपलीकडच्या शाळेचं आणि येत्या गुरुवारच्या तपासणीचं काकूंना कळलं. घरी आईनेही मुलीला पुष्कळ समजावलं होतं: इथे बोलायचं, इथे चालतं. पण तीन वर्षं रोज सांगितलेलं एका संध्याकाळच्या सांगण्याने पुसलं जात नाही.

काकू ॲप्रन न काढता मोठ्या बाईंकडे गेल्या. तेवीस वर्षांत बोलावल्याशिवाय गेल्याची ही पहिली वेळ. मोठ्या बाई वाईट नाहीत. त्यांच्यापुढे फक्त कागद फार असतात. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की तपासणी तज्ज्ञांनी करायची असते, काकूंनी स्वयंपाकघराचं बघावं.

“तेच बघतेय,” काकू म्हणाल्या. “ती तिथेच बोलते. तपासायला येणाऱ्या मॅडमना गुरुवारी जेवायला पाठवा. फाइल खोलीतच राहू दे. रांगेच्या शेवटी उभ्या करा, आपण कोण ते सांगू नका. बाकी पोरगी बघून घेईल.”

मोठ्या बाईंनी विचार करते म्हटलं. पाहुण्याला जेवायला बोलावणं एवढाच भाग त्यांच्या लक्षात राहिला.

गुरुवारी फाइलवाल्या मॅडम आल्या. पन्नाशीच्या, व्यवस्थित, दिवसाला तीन शाळा करणाऱ्या. दुपारचं जेवण त्या बहुधा गाडीतच उरकतात. सकाळी अकराला त्यांनी नंबर एकला एका छोट्या खोलीत बसवलं. टेबल, खुर्ची, फाइल. चाळीस प्रश्न. मुलगी चाळीस वेळा गप्प राहिली. मॅडम आवाज चढवणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी चित्रं दाखवली, ठोकळे दिले, हसून पाहिलं. मुलीने हात मांडीवर ठेवले होते आणि ती दाराकडे बघत होती, जणू आई आत्ता येईल आणि काय ते बोलेल. पावणेबाराला मॅडमनी पेनचं टोपण लावलं. शिफारशीचा रकाना जवळजवळ भरून झाला होता.

मोठ्या बाई त्यांना जेवायला घेऊन आल्या, आणि पाहुण्यांना नेतात तशा, त्र्याऐंशी मुलांची रांग ओलांडून थेट काउंटरशी. काकूंनी लांबून ते पाहिलं आणि डोळे मिटले. इतकं सांगूनही बाईंनी घोळ घातलाच होता. काउंटरपाशी नंबर एक उभी होती, मागे वाटी, वाटीच्या मागे एक जाडगेला मुलगा. मध्ये मोकळी जागा दिसली म्हणून मॅडम तिथे शिरल्या. पायाला काहीतरी लागलं. त्यांनी ते बुटाच्या टोकाने बाजूला सारलं. वाटी खणखणत भिंतीपर्यंत गेली.

जाडगेल्या मुलाने एक पाऊल मागे घेतलं.

नंबर एक वळली. सकाळच्या खोलीतल्या बाई याच, हे तिला कळलं की नाही, यावर अजून मतभेद आहेत. काकूंच्या मते कळलं होतं. पण इथे टेबल नव्हतं.

“तो माझा भाऊ आहे,” ती म्हणाली.

मॅडमनी इकडेतिकडे पाहिलं. “कुठे?”

“तिकडे. तुम्ही त्याला लाथ मारली.” मुलगी गेली, वाटी उचलून आणली, फ्रॉकला पुसली आणि जागेवर उलटी ठेवली. मग कमरेवर हात. “तो पहिलीत आहे. पहिली उशिरा सुटते. तो येईपर्यंत ही त्याची जागा आहे. तुम्ही मोठ्या आहात, तुम्हाला रांग माहीत नाही का?”

“मला वाटलं…”

“रांग तिकडून सुरू होते. पिवळ्या खिडकीपाशी. शेवटचा जो असेल त्याच्या मागे. ट्रे तिथे मिळतो, ओला असला तर पुसून घ्यायचा. सूप गरम आहे, दोन हातांनी धरा. आणि पुढे ढकलायचं नाही, सगळ्यांना मिळतं.” एवढं बोलून ती काउंटरकडे वळली आणि काकूंच्याच आवाजात म्हणाली, “पुढचा.”

मोठ्या बाई काहीतरी सांगायला पुढे झाल्या. फाइलवाल्या मॅडमनी त्यांच्या दंडावर हात ठेवला आणि पिवळ्या खिडकीकडे चालू लागल्या. त्यांना एकोणीस मिनिटं उभं राहावं लागलं. मधल्या वेळात धाकटा आला, वाटी उचलून तिच्या जागी उभा राहिला, दोघं वाढून घेऊन बसली. जेवण झाल्यावर नंबर एक ट्रे ठेवायला जाताना मॅडमपाशी थांबली. मटार तुमच्यापर्यंत पुरणार नाहीत, तिने सांगितलं, बटाटा मागा, काकू मोठा देतील. मॅडमनी विचारलं, सूप कसं आहे? आज बरं आहे, ती म्हणाली. काल पातळ होतं.

काउंटरशी पोचल्यावर मॅडमनी ट्रे पुढे केला आणि काकूंना हळूच विचारलं की ही मुलगी नेहमी अशीच बोलते का.

“आज पाहुण्या होत्या म्हणून कमी बोलली,” काकू म्हणाल्या. मग टेबलाचं, शिक्क्याच्या रांगेचं आणि आईच्या ताकिदीचं तीन वाक्यांत सांगून टाकलं, कारण मागे अजून अकरा जण होते. बटाटा मोठा वाढला.

दुपारी जे झालं त्याचा उल्लेख कुठल्याही नियमपुस्तकात नाही. फाइलवाल्या मॅडम फाइल खोलीतच ठेवून, प्रश्नांचा कागद तेवढा हातात घेऊन, कॉरिडॉरमध्ये भिंतीला लागून उभ्या राहिल्या, रांगेत राहतात तशा, तोंड समोर करून. कशाची रांग, हे विचारायच्या आधीच नंबर एक त्यांच्या मागे येऊन उभी राहिली. मॅडमनी मागे न वळता, खांद्यावरून, पहिला प्रश्न विचारला. मग दुसरा. पुढे कुणी नव्हतं, काही मिळणार नव्हतं, तरी अर्धा तास ती दोन माणसांची रांग तशीच उभी होती. कॉरिडॉरमधून जाणाऱ्या कारकुनाला वाटलं, मोठ्या बाईंच्या खोलीत जायला मॅडमना थांबवून ठेवलंय. त्याने खुर्ची आणून दिली. मॅडमनी ती हाताने परत पाठवली. चाळीसपैकी एकतीस उत्तरं बरोबर आली. शेवटी मॅडमनी तिला चष्मा काढायला सांगितला आणि समोरच्या भिंतीवरच्या आग विझवायच्या नळकांड्यावर काय लिहिलंय ते विचारलं. अंतर आठ मीटर. अक्षरं आता येत होती. तिने वाचलं, अडखळत, पण शेवटच्या ओळीपर्यंत.

अहवाल दोन आठवड्यांनी आला. मुलीने याच शाळेत, याच वर्गात राहावं. रोज एक तास भाषेचा जादा तास. चष्मा परत घ्यावा. वर्गाच्या बाईंनी शक्यतो तिच्याशी टेबलामागून बोलू नये. बाईंनी त्याप्रमाणे फळ्यापाशी प्रश्नोत्तरांची रांग सुरू केली, आणि एकोणतीस मुलांपैकी आणखी चार गप्प मुलं त्या रांगेत बोलायला लागली. ती इथलीच होती, त्यांची फाइल कुणी उघडली नव्हती. काकूंचं नाव अहवालात नाही. ‘स्वयंपाकघरातील कर्मचारी’ असे दोन शब्द आहेत. काकूंनी ते वाचून चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, निदान पळी तरी लिहायची.

नंबर एकने नव्या रांगांत उभं राहणं हळूहळू कमी केलं. रांग दिसली की ती आता आधी विचारते, कसली आहे. एवढा एक बदल पुरा व्हायला सत्र लागलं.

त्यानंतरच्या सत्रातली गोष्ट. मधल्या सुट्टीत मोठ्या बाईंनी दार उघडलं तेव्हा बोलणी खायच्या रांगेत तीन मुलं होती, आणि तिसऱ्याच्या मागे एक बूट. छोटा, डाव्या पायाचा. बाईंनी यादी पाहिली. चौथं नाव होतं, कारणही होतं: वर्गात सतत बोलते, सांगूनही थांबत नाही. सही वर्गाच्या बाईंची.

मोठ्या बाईंनी तिघांना बोलून घेतलं. तिसरा मुलगा जाताना, काही न सांगता, बूट पायाने दाराशी सरकवून गेला. बाई थोडा वेळ बुटाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी किचनला फोन लावला.

“काकू,” त्या म्हणाल्या, “तिचा नंबर आलाय. कुठे आहे ती?”

काकूंनी काउंटरवरून वाकून पाहिलं. नंबर एक एका पायात बूट, एका पायात मोजा अशी हॉलच्या दाराशी उभी होती आणि आदल्याच दिवशी शाळेत आलेल्या, तोंड मिटून बसलेल्या दोन मुलींना रांग कुठून सुरू होते ते सांगत होती.

“येईल,” काकू म्हणाल्या. “कामात आहे. जागा धरलीय ना तिने?”

मोठ्या बाईंनी दाराशी पाहिलं. धरली होती. त्यांनी फोन ठेवला आणि बूट होता तिथेच राहू दिला.